जुगाऱ्याचे कर्ज आपण फेडावे का?

दरवर्षी शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन आपण ऐकतो. त्यात सैनिक क्रुसाखाली बसून प्रभूचे कपडे वाटून घेतात. झगा बिनशिवणीचा असतो, तो फाडायला नको म्हणून ते त्यावर चिठ्ठ्या टाकतात. डोक्यावर, चार हातांवर, जगाच्या तारणाचे कार्य चालले आहे आणि खाली बसलेल्यांचे डोळे चिठ्ठीवर. त्या सैनिकांना कोणी क्रूर म्हणेल. आम्हांला मात्र वाटते की त्यांना वर पाहायला सवडच नव्हती. ज्या घरात जुगार शिरला आहे, त्या घरातल्या बाईला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूल तापाने फणफणलेले असते, आई औषधाला पैसे मागत असते आणि तो शेजारीच बसलेला असूनही तिथे नसतो.

पण त्याच बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात, यूदाची जागा भरण्यासाठी प्रेषित प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी मत्तियाच्या नावाने निघते. म्हणजे चिठ्ठीत मुळात पाप नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद 2413) हीच भूमिका आहे. नशिबाचे खेळ किंवा पैज ही स्वतःहून अन्यायाची गोष्ट नव्हे. मात्र स्वतःच्या आणि ज्यांचा भार आपल्यावर आहे त्यांच्या गरजेचा पैसा जेव्हा त्यात जातो, तेव्हा ते नीतीला धरून राहत नाही. खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तिथे आहे.

इथे कोणी विचारील की मग आपल्या सणाच्या संध्याकाळी होणाऱ्या हाऊजीचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. हाऊजीचे तिकीट किती रुपयांचे ते आधी ठाऊक असते, खेळ किती वाजता संपणार तेही ठाऊक असते, उरलेला पैसा कुठे जाणार ते सर्वांसमोर सांगितलेले असते. हरलेला माणूस हसत घरी जातो. मटक्याशी तिची तुलना करणे आम्हांला पटत नाही. तरीही ज्याने मोठ्या कष्टाने जुगार सोडला आहे, त्याच्या कानावर भोंग्यावरून आकडे पडत राहणे म्हणजे दारू सोडलेल्यापुढे भरलेला पेला ठेवण्यासारखे आहे. त्याच वेळी मैदानात दुसरे काही, गाणी किंवा मुलांचे खेळ, ठेवता आले तर त्याला सण सोडून घरी बसावे लागणार नाही. आणि तिकीट कोणालाही उधारीवर देऊ नये. एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

आता मूळ विषयाकडे येऊ.

आपल्या किनाऱ्यावर जुगार नवा नाही. गौरी-गणपतीच्या जागरणात पत्ते बसतात, जत्रेत सोरट लागते, हे सर्वांनी पाहिले आहे. मटक्याचे मूळ तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात होते. तिथला उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव मुंबईत तारेने येई आणि त्यावर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. पुढे 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 साली रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. गिरणगावातून तो कोकणात यायला वेळ लागला नाही, कारण गिरणीत आपलीच माणसे होती. 1969 साली सरकारनेही राज्य लॉटरी काढली. एवढे सगळे असूनही त्या काळी एक भिंत होती. आकडा लावायला टपरीपर्यंत चालत जावे लागे. वाटेत काका भेटत, मास्तर भेटत, कधी फादरही भेटत. ही लोकलाज म्हणजे मोठा सद्गुण होता असे नाही, पण ती अनेकांना अर्ध्या वाटेवरून परत पाठवीत असे.

मोबाईलने ती भिंत पाडली. आता माणूस रात्री दोन वाजता अंथरुणात पडून पगार घालवू शकतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोला कळतही नाही. पैसे संपले तर त्याच मोबाईलवर कर्ज देणारे अॅप असते. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ त्यानंतर थांबवले. परदेशातून चालणाऱ्या बेकायदा साईट आणि गल्लीतला आकडा मात्र एका कायद्याने जात नाहीत. त्या कायद्यातील एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. खेळणारा हा नुकसान झालेला माणूस आहे, असे तो कायदा मानतो.

मग तो पापी नाही का? इथे आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, हा आजार आहे, त्याला बोलू नका. दुसरा म्हणतो, आजारबिजार काही नाही, दोन थोबाडीत दिल्या की सरळ होईल. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली अनावर जुगाराची नोंद मानसिक विकारांत केली आणि 2013 साली त्याला दारू व इतर व्यसनांच्या रांगेत बसवले. तेव्हा आजार हा शब्द कोणी पळवाट म्हणून शोधलेला नाही. आपला धर्मशिक्षण ग्रंथही (परिच्छेद 1735) मान्य करतो की सवय, भीती, बेताल ओढ यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होऊ शकते. पण जबाबदारी कमी झाली म्हणून घरातले तांदूळ परत येत नाहीत. मधुमेह झाला यात माणसाचा दोष नसतो, तरी पथ्य त्यालाच पाळावे लागते. जुगाऱ्याचेही तसेच आहे. 'पापी की रोगी' या वादात घरच्यांची वर्षे निघून जातात आणि वाद घालणाऱ्यांना तेवढा वेळ काही करावे लागत नाही.

एका बाबतीत मात्र जुगार दारूहून वेगळा आहे आणि तिथेच मदत करणारा फसतो. दारू पिऊन कर्ज फिटेल असे कोणत्याही दारुड्याला वाटत नाही. जुगाऱ्याला मात्र अगदी तेच वाटते. गेलेले पैसे काढायचे, एकदा मोठा डाव लागला की सगळे फेडून टाकायचे आणि मग कायमचे बंद, असा त्याचा हिशेब असतो. आजार ज्यातून आला त्यातच त्याला औषध दिसते. म्हणून त्याच्या हाती आलेला रोख पैसा, मग तो कितीही प्रेमाने दिलेला असो, त्याला कर्जफेड वाटत नाही, नवे भांडवल वाटते.

आता शीर्षकातला प्रश्न घेऊ. सावकार दारात येतो. आई पाटल्या काढून देते. धाकटा भाऊ पतपेढीतून कर्ज उचलतो. बहीण कुवेतहून पैसे पाठवते. सगळे मिळून देणे फेडतात, तो रडतो, सर्वांच्या पाया पडतो आणि त्या क्षणी तो खोटेही बोलत नसतो. सहा महिन्यांनी पुन्हा सावकार दारात येतो, या वेळी आकडा दुप्पट. कुटुंब म्हणते, आम्ही एवढे केले तरी! आम्ही नम्रपणे म्हणू की कुटुंबाने त्याच्यासाठी जे केले त्यात त्याच्या वाट्याला काहीच उरले नाही. जुगाराचा जो एक परिणाम त्याला थांबवू शकला असता, तोच इतरांनी अंगावर घेतला.

पण प्रभूने तर क्षमा करायला सांगितली आहे, सत्तर वेळा सात वेळा. उधळ्या पुत्राच्या बापाने काय केले? हा दाखला आपल्याला पाठ आहे, तरी लूकच्या पंधराव्या अध्यायातला शेवटचा भाग पुन्हा वाचून पाहावा. बाप धावत जातो, मिठी मारतो, उत्तम झगा, अंगठी, वहाणा देतो, पुष्ट वासरू कापतो. हात राखून काहीच करीत नाही. पण थोरला मुलगा रुसतो तेव्हा बाप त्याला सांगतो की माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे. म्हणजे धाकट्याने आपला वाटा संपवला तो संपला. घराची दुसऱ्यांदा वाटणी झालेली नाही. घर, जेवण, नाव, माया, सारे परत मिळाले, मालमत्ता नाही. क्षमा पुरती झाली आणि थोरल्याच्या पोराबाळांच्या तोंडचा घासही काढून घेतला गेला नाही. शेकडो प्रवचनांत आपण थोरल्याला कोत्या मनाचा म्हणत आलो. त्याची भीती अगदीच खुळी नव्हती, असे आम्हांला वाटते. बापानेही ती ओळखली असावी.

तेव्हा मदत करायची ती अशी की रोख पैसा त्याच्या हाताला लागू नये. शाळेची फी थेट शाळेत भरावी. वाण्याचे बिल वाण्याला द्यावे. औषध आणून द्यावे. घरात किराणा टाकावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्याबरोबर वही घेऊन बसावे व एकूण एक देणे लिहून काढावे. हे काम एका बैठकीत होत नाही. पहिल्या दिवशी तो निम्मेच सांगतो. उरलेले लाजेपोटी दडवतो आणि त्या दडवलेल्या देण्यापायीच पुन्हा खेळायला जातो. 1957 साली लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या 'गॅम्बलर्स अॅनॉनिमस' या जुगार सोडणाऱ्यांच्या संघटनेत ही पद्धत आहे. सोडून काही काळ झालेले जुने सभासद नव्या सभासदाला आणि त्याच्या पत्नीला घेऊन बसतात, देण्यांची यादी करतात आणि थोडे थोडे, पण स्वतःच्या कमाईतून फेडायची योजना आखतात. कर्ज फेडायला कोणी त्याला कर्ज देत नाही.

यादी झाली की दिसते की आपल्याकडे देणी फेडण्याचा क्रम उलटा झालेला असतो. आकडेवाल्याचे देणे 'इज्जतीचे' म्हणून आधी दिले जाते आणि मजुराची मजुरी, वाण्याची उधारी, बहिणीने विश्वासाने दिलेले पैसे शेवटी राहतात. न्यायाच्या दृष्टीने हे उफराटे आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक ठरतो. जिंकलेल्याला ती रक्कम कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. ज्याने घाम गाळला त्याची मजुरी मात्र पवित्र ग्रंथात देवाकडे ओरड करते. परवाना नसलेला सावकार दमदाटी करीत असेल किंवा जमिनीचे कागद घेऊन बसला असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. धमकी मारहाणीची असेल तर पोलिसांकडे जावे. हे सावकार आपल्या भीतीवर जगतात.

याबरोबर काही दिवस पगार पत्नीच्या खात्यावर जावा, एटीएम कार्ड तिच्याजवळ असावे, मोबाईलमधून पैसे पाठवायची सोय काढून टाकावी. यात पुरुषाला अपमान वाटतो. थोडा अपमान आहेच, उगाच नाही कशाला म्हणा! पण ज्याच्या पायाला प्लास्टर घातले आहे, त्याला कोणी लंगडा म्हणून हिणवत नाही.

शपथेविषयी दोन शब्द. आपल्याकडे अशा माणसाला वेदीपुढे किंवा माऊलीच्या मूर्तीपुढे उभे करून शपथ घालण्याची रीत आहे. हेतू चांगला असतो. पण शपथ मोडली की तो घराला तर तोंड दाखवत नाहीच, मिस्सालाही येईनासा होतो. एक आधार होता तोही तुटतो. कायमची शपथ घालण्यापेक्षा त्याच्याकडून आठवड्याचा हिशेब मागावा.

सर्वांत अवघड गोष्ट सांगण्याची. आपली गावे लहान. कोर्लईपासून रेवदंड्यापर्यंत कोण कोणाचा जावई आणि कोण कोणाची धर्ममाता, हे सर्वांना ठाऊक. इथे घरातले बाहेर काढणे म्हणजे अब्रू वेशीवर टांगणे. त्यामुळे पत्नी वर्षानुवर्षे गप्प राहते, माहेरीही खोटे सांगते आणि त्यालाच निष्ठा समजते. पापनिवेदनाचे गुपित राखण्याचे बंधन फादरांवर आहे. पत्नीवर तसे कोणतेही बंधन ख्रिस्तसभेने घातलेले नाही. विहिरीवर नवऱ्याची निंदा करणे वेगळे आणि जो काही करू शकेल अशा एकदोघांना खरे सांगणे वेगळे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या मित्राला प्रभूकडे नेतात, दारात गर्दी असते, म्हणून ते छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. त्या घरमालकाला काय वाटले असेल याचा आपण कधी विचार करीत नाही. कौले शाकारण्याचा खर्च पावसाळ्याआधी किती येतो ते आपल्याला माहीत आहे! पण प्रभू छपराबद्दल चकार शब्द काढीत नाही. त्याला त्या चौघांचा विश्वास दिसतो. घराची अब्रू हे असेच एक छप्पर आहे.

आणि ज्याला सांगितले जाते त्याने काय करावे? आधी ऐकावे. 'मला आधीच संशय होता' असे म्हणू नये. दुसऱ्या दिवशी ते बाजारात पोचवू नये. ज्या गावात एकदा असे पोचते, तिथे पुढची दहा वर्षे कोणी तोंड उघडत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचे, तरी आजचे वाटावे असे. सासू तिरस्कार करते, पत्नी दूर लोटते आणि देणेकरी येतात तेव्हा आईबाप, भाऊ सगळे म्हणतात की आम्ही याला ओळखत नाही. शेवटी त्याला शेतीकडे वळायला सांगितले आहे. काम हे औषध आहे, हे तेव्हाही माणसाला कळले होते.

आपल्या संतांतही एक जुगारी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संत कामिलस दे लेलिस. माउंट कार्मेलच्या माऊलीच्या सणाआधी दोनच दिवस, 14 जुलैला, त्यांचा सण येतो. 1550 साली इटलीत जन्म, बाप सैनिक आणि जुगारी, मुलगाही तसाच. पायाची जखम बरी होईना म्हणून रोमच्या इस्पितळात राहिले, तिथून जुगार आणि भांडणे यांमुळे काढून टाकले गेले. 1574 साली नेपल्समध्ये होते नव्हते ते सारे हरले. मग भीक मागत असताना कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. 2 फेब्रुवारी 1575 रोजी त्यांचे मन पालटले. मठात जायचे व्रत त्यांनी याआधीही घेतले होते आणि ते टिकले नव्हते. या वेळी त्यांना हाताला काम होते, पोटाला अन्न होते आणि आजूबाजूला माणसे होती. ज्या इस्पितळाने हाकलले, त्यानेच त्यांना पुढे परत घेतले आणि कारभारही सोपवला. पुढे रुग्णसेवेचा संघ त्यांनीच स्थापला. 1886 साली पोपमहाशय तेरावे लिओ यांनी त्यांना रुग्णांचे आणि इस्पितळांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्या इस्पितळाच्या कारभाऱ्यांना कोणी संत म्हणत नाही, पण दार दुसऱ्यांदा उघडले ते त्यांनी.

आज आपल्या जवळ काय आहे तेही सांगतो. 2022 पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. क्रमांक 14416. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही करता येतो आणि मराठीत बोलता येते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. तिथे जायला लाज वाटत असेल तर मुंबईला जावे, तिथे कोणी ओळखत नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये, म्हणजे आपल्याच माऊलीच्या नावाच्या चर्चमध्ये, फादर जो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. या दोन्ही ठिकाणचे मुख्य काम दारू व अमली पदार्थांचे, तरी व्यसनाची जात त्यांना ओळखीची आहे. जुगारासाठी कुठे जावे हे तिथे विचारता येईल. माणूस जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला तर मात्र रविवारची वाट पाहू नये, त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत्महत्येचा प्रयत्न केल्यास गुन्हा दाखल होईल ही जुनी भीती बाळगून घरच्यांनी दवाखाना टाळू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरायचे ठरवले आहे आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

बऱ्याच बायका म्हणतात की तो यायला तयारच नाही, मग आम्ही काय करणार? 14416 ला फोन करायला त्याची तयारी लागत नाही. पत्नी, आई, भाऊ यांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. तो झोपलेला असताना, मागच्या पडवीत जाऊन केला तरी चालतो.